परत आलेल्या लाल गोळ्या

एप्रिलमधली गोष्ट आहे. साखर कारखान्यांचा पट्टा पडला होता, म्हणजे उसाचा हंगाम संपला होता, ऊसतोडीला गेलेली माणसं घरी परतत होती आणि आमच्या वाडीत रोज एखाददुसरा ट्रॅक्टर येऊन थांबायचा, त्यातून भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं, म्हातारी माणसं असं सहा महिन्यांचं सगळं बिऱ्हाड खाली उतरायचं. उपकेंद्रात त्या दिवशी मी एकटीच होते, आरोग्यसेविका एएनएम ताई लसीकरणाला पलीकडच्या वस्तीवर गेल्या होत्या. त्या परतलेल्यांतलीच एक पोर आली, पदराखाली दीड महिन्याचं बाळ, खांद्याला पिशवी. बाळाचं वजन करायला आली असेल म्हणून मी काटा पुढे ओढला, तर तिने आधी पिशवीत हात घालून लाल गोळ्यांची पाकिटं काढली आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवली.

"सिस्टर, ह्या घ्या. दुसऱ्या कुणाला तरी होतील."

मी मोजली. नऊ पाकिटं अख्खी आणि एकात चार गोळ्या. म्हणजे जाताना दिलेल्या १२० पैकी ९४ परत. प्रत्येक पाकिटावर माझ्याच अक्षरात मार्करने लिहिलेलं होतं, 'रोज १'. पाकिटांना चुलीच्या धुराचा वास येत होता.

खरं सांगते, पहिल्यांदा मला रागच आला. ऑगस्टमध्ये तिचं हिमोग्लोबिन ८.६ होतं, तिसरा महिना. चौथ्या महिन्यापासून आयर्न-फॉलिक अ‍ॅसिड चालू केलं, दिवाळीनंतर निघायच्या आधी घरी जाऊन पुन्हा समजावलं, सासूलाही बसवून सांगितलं. आणि हातात हे. तिच्या डिस्चार्ज कार्डवर लिहिलं होतं, भरती होताना हिमोग्लोबिन ६.२, रक्ताच्या दोन पिशव्या, बाळाचं वजन १ किलो ९०० ग्रॅम. मी म्हटलं, अगं तुला सांगितलं होतं ना कशी घ्यायची? तर ती पाठ केल्यासारखं म्हणाली, "जेवल्यावर घ्यायची, चहासंगं नाही, लिंबू खायचं, संडास काळी होती तर घाबरायचं नाही, कॅल्शियमची गोळी येगळ्या टायमाला."

एक शब्द चुकला नव्हता. परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क दिले असते मी.

तिच्याबद्दल लिहायचंय आणि त्याच्याच सोबत नर्सिंग थिअरीबद्दल लिहायचंय. दोन्ही एकत्र कसं, असं वाटेल, पण माझ्या डोक्यात त्या दिवसापासून हे दोन्ही वेगळं राहिलेलंच नाही.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, सहा वर्षं वॉर्डात काढली, मग पोस्ट बेसिक बीएस्सी आणि मग सीएचओ, म्हणजे उपकेंद्राची समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून इकडे बीडमधल्या बालाघाटच्या डोंगरात. थिअरी शिकताना आम्ही सगळ्याजणी ती पाठच करायचो. नाईटिंगेलची एन्व्हायर्नमेंट, हेंडरसनच्या १४ गरजा, ओरेमचं सेल्फ केअर, पेप्लाऊच्या फेजेस, लाँग आन्सरला नाव, साल, आकृती, संपलं. वॉर्डात गेल्यावर कळलं की ते अगदीच निरुपयोगी नाहीये. डोरोथिया ओरेमने १९७१ च्या पुस्तकात जे मांडलं ते तर मला फार पटलं होतं. माणसाला स्वतःची काळजी घ्यायला जेवढं करावं लागतं आणि त्याच्याच्याने जेवढं होतं, ह्या दोन्हींत जे अंतर पडतं तिथे नर्सचं काम सुरू होतं. ऑपरेशन झालेला पेशंट पहिल्या दिवशी काहीच करू शकत नाही, सगळं आपण करायचं. तिसऱ्या दिवशी अर्धं तो, अर्धं आपण. घरी जाताना नुसतं शिकवायचं, धीर द्यायचा, बाकी तो करतो. वॉर्डात हे डोळ्यांनी दिसतं, बेड नंबर सातचा पेशंट आज स्वतः दात घासतोय हे बघून काय आनंद व्हायचा मला.

गावात आल्यावर मी तेच घेऊन आले. इथले बहुतेक लोक चालते-फिरते, म्हणजे यांना शिकवणं आणि धीर देणं एवढंच आपलं काम, असं मी मनात पक्कं धरलं होतं. समुपदेशन. आपल्याकडे प्रत्येक फॉर्मवर हा शब्द आहे. एएनसी म्हणजे गरोदरपणातली तपासणी, समुपदेशन केले, बरोबरची खूण. वजन वाढलं नाही, समुपदेशन केले. गोळ्या खाल्ल्या नाहीत, पुन्हा समुपदेशन केले. आणि तरीही नाहीच झालं तर मीटिंगमध्ये कारण सांगताना कुणीतरी म्हणतंच, अज्ञान हो, काय करणार.

त्या दिवशी त्या पोरीने मला सगळं समुपदेशन घडाघडा म्हणून दाखवलं आणि अज्ञान हे कारण माझ्या हातातून गेलं. मग दुसरं काय विचारायचं हेच मला सुचेना. बाळाला काट्यावर ठेवलं, २ किलो ८०० भरलं, चांगलं वाढत होतं. ते उचलून तिच्याकडे देता देता मी सहज म्हटलं, बरं तिथला दिवस कसा असायचा तुझा, उठल्यापासून सांग मला.

ती सांगत गेली. पहाटे तीनला उठायचं, कोपीतली, म्हणजे पाचटाच्या झोपडीतली, चूल पेटवून भाकरी थापून बांधून घ्यायच्या, चहा प्यायचा आणि अंधारातच फडावर. नवरा कोयत्याने तोडत जायचा, ती पाचट काढायची, मोळ्या बांधायची आणि गाडी आली की डोक्यावर मोळी घेऊन फळीवर चढायची. भाकरी खायला अकरा-बारा वाजायचे. गोळी तिने सुरुवातीला पहाटेच घेतली, कारण नंतर हात चिकट, पाणी लांब आणि पाकीट कोपीत. रिकाम्या पोटी घेतली की उलटी. "उलटी झाली की बसावं लागतं. बसलं की मोळी कमी. लईच झालं तर मुकादम म्हणतो खाडा धरतो." आणि पोट घट्ट व्हायचं, तर संडासला जायचं कुठे, उजाडल्यावर फडात सगळी गडी माणसं, म्हणून ती पाणीच कमी प्यायची, त्याने पोट अजून घट्ट. खाड्याचे पाचशे कापतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल डोक्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकीने बसून राहायचं म्हणजे अख्खा कोयता लंगडा. मग सव्वीस गोळ्यांनंतर तिने हिशेब केला आणि पाकिटं पिशवीत घालून पिशवी कोपीच्या आड्याला टांगून ठेवली. टाकून दिली नाहीत. सरकारी औषध वाया जाऊ नये म्हणून सहा महिने सांभाळून परत आणली.

ओरेमच्या भाषेत बोलायचं तर ह्या मुलीत डेफिसिट कुठे होतं? माहिती होती, इच्छा होती, गोळ्या होत्या, आणि हिशेब करायची अक्कल तर माझ्यापेक्षा जास्त होती. उणीव तिच्या बाहेर होती, पण माझ्या फॉर्ममध्ये ती लिहायला रकाना नव्हता.

नोला पेंडरचं हेल्थ प्रमोशन मॉडेलही मी त्या रात्री काढून वाचलं. तिने १९८२ मध्ये मांडलेलं, त्यात पर्सिव्ह्ड बॅरिअर्स म्हणजे माणसाला जाणवणारे अडथळे हा मोठा भाग आहे. वाचून मी वही मिटली. त्यातला जाणवणारे हा शब्दच मला टोचला. खाडा जाणवत नाही, तो कापला जातो. अडथळा तिच्या मनात आहे असं धरलं की आपण तिच्या मनावरच काम करत बसतो, पोस्टर लावतो, प्रभातफेरी काढतो. पेंडरचं मॉडेल वाईट आहे असं मी म्हणत नाही, तंबाखू सोडणाऱ्या शिक्षकाला, शुगर असलेल्या किराणा दुकानदाराला मी त्याच पद्धतीने समजावते आणि फरक पडतो. पण ज्याच्या हातात निवडायला काहीतरी आहे त्याच्यासाठी ते आहे.

मला जे हवं होतं ते नॅन्सी मिलिओकडे सापडलं. आमच्या सिलॅबसमध्ये तिच्यावर अर्धं पान होतं, तेही बहुतेकजणी ऑप्शनला टाकायच्या. मिलिओ अमेरिकेत डेट्रॉईटमध्ये घरोघरी जाणारी नर्स होती, काळ्या लोकांच्या गरीब वस्तीत. तिच्या लक्षात आलं की बायका दवाखान्यात येत नाहीत त्याला त्यांची स्वतःची सरळ कारणं आहेत, लहान पोरं ठेवायची कुणाकडे, बस कुठली, तिथली वागणूक कशी. मग तिने वस्तीतल्या बायकांबरोबर बसून एका रस्त्यावरच्या दुकानाच्या जागेत सेंटर उभं केलं, दवाखान्याला जोडूनच पोरं सांभाळायची सोय, आणि काय हवं नको ते बायकाच ठरवणार. १९६७ साली डेट्रॉईट पेटलं, आजूबाजूची दुकानं जळाली, ते सेंटर कुणी जाळलं नाही. पुढे १९७६ मध्ये तिने जे मांडलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. माणसं तब्येतीबाबत जे निवडतात ते त्यांच्यासमोर जे पर्याय असतात त्यातूनच निवडतात, आणि बहुतेक माणसं बहुतेक वेळा त्यातला सगळ्यात सोपा पर्याय घेतात, मग ती गरीब असोत की श्रीमंत. म्हणून माणसाची सवय बदलायची असेल तर त्याच्यासमोरचे पर्याय बदला.

सव्वीस गोळ्यांनंतर पिशवी आड्याला टांगणं हा त्या पोरीसमोरचा सगळ्यात सोपा पर्याय होता. मी तिच्या जागी असते तर बारा गोळ्यांनंतरच टांगली असती.

१९९० मध्ये पॅट्रिशिया बटरफिल्डने एका लेखात हेच जरा धारदार करून लिहिलं, की नर्सिंगच्या पुष्कळशा थिअरी एका नर्ससमोर बसलेल्या एका माणसापुरत्या आहेत, आणि त्यामुळे नदीत वाहत आलेल्यांना बाहेर काढता काढता वरच्या अंगाला त्यांना कोण ढकलतंय हे बघायचं राहून जातं. हे वाचताना मला एकदम जामखेड आठवलं, आमच्या शेजारचाच तालुका. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे आले तेव्हा लोकांनी आधी मागितलं ते पाणी आणि अन्न, डॉक्टर नाही. आणि त्या दोघांनी ते ऐकलं, तिथूनच सुरुवात केली, मग गावातल्या न शिकलेल्या बायका आरोग्यसेविका झाल्या. म्हणजे डेट्रॉईटला जायची गरजच नव्हती मला, डोंगर उतरून जायचं होतं फक्त. पण कॉलेजात आम्हाला जामखेड सामाजिक कार्य म्हणून दाखवलं, एक दिवसाची व्हिजिट, फाईल, सही. नर्सिंगचा विचार म्हणून कुणी दाखवलं नाही, आणि ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढच्या जानेवारीत चार दिवसांची रजा काढून मी पश्चिम महाराष्ट्रात बहिणीकडे गेले होते, तिथून तासाभरावर आमच्या वाडीतल्या सात-आठ कोयत्यांची टोळी उतरली होती. फोन करून गेले. एका साखर कारखान्यापासून थोड्या अंतरावर, माळावर पंचवीस-तीस कोप्या. बांबू आणि उसाचं पाचट, वरून ताडपत्री, दार इतकं खाली की वाकूनच जायचं. मी एका कोपीत बसले आणि मला नाईटिंगेल आठवली. तिने १८५९ च्या त्या छोट्या पुस्तकात निरोगी घराच्या पाच गोष्टी सांगितल्यात, शुद्ध हवा, शुद्ध पाणी, सांडपाण्याचा निचरा, स्वच्छता, उजेड. परीक्षेला आम्ही हे पाच मुद्दे दोन मिनिटांत लिहायचो. तिथे बसून मी एकेक बघत होते. हवा म्हणजे चुलीचा धूर, त्याला बाहेर जायला दाराशिवाय वाट नाही. पाणी टँकरचं, निळ्या ड्रममध्ये, टँकर एक दिवसाआड. निचरा नाहीच, न्हाणीचं पाणी शेजारच्या कोपीकडे ओघळत होतं. उजेडाला एक बल्ब, तारेवरून ओढलेला, तो फक्त संध्याकाळी. आणि स्वच्छता? ती बाई तर शेणाने सारवलेल्या दोन हात जागेत रांगोळीची चार टिंबं काढून बसली होती. पाचातलं जे एक तिच्या हातात होतं ते तिने पूर्ण केलं होतं.

लोक नाईटिंगेलला दिवा घेतलेली बाई म्हणून ओळखतात. ती भारतात कधीच आली नाही, पण इथल्या सैन्याच्या आरोग्यावरच्या, १८६३ मध्ये अहवाल दिलेल्या रॉयल कमिशनसाठी तिने इथल्या छावण्यांमधून माहिती मागवून घेतली, आकडे मांडले आणि पुढे कित्येक वर्षं इथल्या खेड्यांतलं पाणी आणि निचरा यासाठी पत्रं लिहीत राहिली. तिने सैनिकांना हात धुवा एवढंच सांगून सोडलं नाही, बरॅकी आणि गटारं बदला म्हणून सरकारच्या मागे लागली. नर्सने पाण्याच्या टँकरबद्दल बोलणं हे आपलं काम नव्हे असं ज्यांना वाटतं त्यांना मला हे सांगावंसं वाटतं. २०१९ मध्ये आमच्या बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा विषय बाहेर आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. तेव्हाही चर्चा किती दिवस ह्यावरच चालली होती की बायकांना कळत कसं नाही. पाळीच्या चार दिवसांत ज्या कोपीला संडास नाही, न्हाणीला आडोसा नाही आणि बसलं की खाडा, तिथून निघालेला तो निर्णय होता.

आता मी काय वेगळं करते ते सांगते, आणि हे फार मोठं नाही हे मला माहीत आहे.

सप्टेंबरच्या ग्राम आरोग्य दिनाला मी जाणाऱ्या गरोदर बायकांना एकत्र बसवते आणि आधी काहीच सांगत नाही. दिवस सांगा म्हणते. त्या सांगतात आणि आम्ही मिळून गोळी कुठे बसते ते शोधतो. बहुतेकींची रात्रीच्या भाकरीनंतर बसते, झोपताना, कारण मळमळ झाली तरी झोपेत जाते आणि त्या वेळी चहा नसतो. हे मला पुस्तकात मिळालं असतं, पण त्यांच्या तोंडून आलं की ते त्यांचं होतं. पाकिटावर आता मी 'रोज १' लिहीत नाही, भाकरीचं चित्र काढते आणि चंद्र.

ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे आणि ज्या महिन्याभरात निघणार, त्यांच्याबाबत आता मी गोळ्यांवर थांबतच नाही. अ‍ॅनिमिया मुक्त भारतच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे की जिथे गोळ्या घेतल्या जाण्याची शक्यता कमी तिथे शिरेतून आयर्न देण्याचा विचार करावा. ही ओळ मी आधीही वाचली होती, पण गोळ्या न घेणारी म्हणजे न ऐकणारी असाच अर्थ मी लावायचे. मेडिकल ऑफिसर सरांना मी पूर्ण दिवस सांगितला त्या पोरीचा, तीन वाजल्यापासूनचा. ते ऐकून घेतात, आणि त्यानंतर गेल्या वर्षी निघायच्या आधी चौघींना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन आयर्न चढवलं. एक नाही म्हणाली, सुईने पोरगं काळं होतं म्हणून सासू अडून बसली. तिथे मला मॅडेलिन लायनिंगर आठवली, लोकांच्या संस्कृतीप्रमाणे काळजी घ्यायची थिअरी मांडणारी नर्स, तिचं म्हणणं असं की लोकांच्या रीतीतलं काही जसंच्या तसं जपायचं, काहीशी जुळवून घ्यायचं आणि काही हळूहळू त्यांच्यासोबतच बदलायचं. सासूला मी खोटी ठरवली नाही. आधीच्या साली आयर्न घेतलेल्या बाईला बाळ घेऊन तिच्या ओट्यावर नेऊन बसवलं आणि मी पाणी प्यायला आत गेले. मी बाहेर येईपर्यंत सासू बाळाचं तोंड उजेडाकडे वळवून बघत होती. सून दोन दिवसांनी आली.

आणि एक वही केली आहे. साधी दोनशे पानी. कुठली बाई, कितवा महिना, कुठल्या तालुक्यात टोळी उतरणार, मुकादमाचा नंबर, आणि तिथल्या आशा किंवा सिस्टरचा नंबर. हा शेवटचा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. मी ओळखीतून, ग्रुपवरून, पीजी केलेल्या मैत्रिणींकडून शोधते. काही सिस्टर फोनवर तुटक बोलतात, आमच्या यादीतल्या नाहीत त्या, म्हणतात, आणि मला त्यांचाही राग येत नाही कारण त्यांच्याही डोक्यावर त्यांची यादी आहे. पण काहीजणी मोळ्या मोजणाऱ्यांच्या गर्दीतून बाईला शोधून बीपी घेऊन मला फोटो पाठवतात. १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत लिलियन वॉल्ड ही नर्स शिकवत असताना एक लहान मुलगी आपल्या बाळंत झालेल्या आजारी आईसाठी तिला हाताला धरून घरी घेऊन गेली, आणि वॉल्ड त्याच वस्तीत राहायला आली. पब्लिक हेल्थ नर्स हा शब्द तिच्यापासून आला. मी वाडीत राहते, पण माझ्या बायका सहा महिने तिथे नसतातच, तर मी त्यांच्या मागे कशी जाणार. ही वही म्हणजे त्यांच्यामागे जायची माझी वाट आहे, कच्ची आहे, पण आहे.

मुकादमांशीही बोलते. पोळ्याच्या आसपास ते उचल वाटायला येतात तेव्हा. सातव्या महिन्यानंतर मोळी डोक्यावर द्यायची नाही आणि तपासणीच्या दिवसाचा खाडा धरायचा नाही, एवढ्याच दोन गोष्टी मागते. एकाने सरळ सांगितलं की सिस्टर तुम्ही दवाखाना बघा. दोघांनी हो म्हटलं, त्यातल्या एकाने पाळलं, आणि त्याची स्वतःची मुलगी त्याच वर्षी आमच्याकडे बाळंत झाली होती.

ह्यातून हिमोग्लोबिन वाढलं का, तर काहींचं वाढलं, काहींचं नाही. आठ-दहा बायकांवरून मी काही सिद्ध केलंय असं म्हणायचं नाही मला. गेल्या हंगामात परत आलेल्या पाकिटांची मोजणी मात्र मी केली, सगळ्यांची मिळून एकतीस गोळ्या परत आल्या.

ह्या डिसेंबरात एक दिवस सकाळी दहाला फोन वाजला. अनोळखी नंबर, मागे पोरांचा गोंगाट. तीच होती, लाल गोळ्यांची. ह्या वेळी तिच्या जावेला सहावा महिना आहे आणि दोघी एकाच टोळीत आहेत.

"सिस्टर, रात्री पाऊस झाला बघा हिकडं. फडात चिखल हाय, गाडी नाही आली आज. खाडा बी नाही. हिला दवाखान्यात दाखवून आणू का? त्या सिस्टरचा नंबर काय म्हणला होता तुम्ही?"

मी वही उघडली आणि नंबर सांगितला, तिने तो मोठ्याने म्हणत म्हणत कोळशाने कुठेतरी लिहून घेतला.